रूम बदलली की सर्जनची फी पण बदलते

"मॅडम, शेअरिंग रूम घेतली असती तर सर्जनचं पण कमी कट झालं असतं," टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) डेस्कवरचा पोरगा बिलावर पेन टेकवून म्हणाला, अगदी शांतपणे, जसं काही हे मला शाळेतच शिकवलं होतं.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. आरोग्य विम्याची पॉलिसी 3 लाखांची, रूम रेंटची मर्यादा त्याच्या 1 टक्का म्हणजे दिवसाला 3000. शेअरिंग फुल म्हणून त्यांनीच दिलेली रूम 5000 ची. मला वाटलं वरचे दोन-दोन हजार भरू, विषय संपला. छे! प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणे, म्हणजे 5000 पैकी 3000 च मंजूर, तर त्याच प्रमाणात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी सगळ्याचे 40 टक्के आपल्या खिशातून, औषधं आणि तपासण्या तेवढ्या यातून सुटतात.

अरे पण सर्जन तोच, टेबल तेच, पित्ताशयातले खडेसुद्धा तेच ना?

आणि डिस्चार्जचं अप्रूव्हल विमा कंपनीने 3 तासांत द्यायचं हा आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2024 चा नियम, तो मात्र मलाच सांगावा लागला त्याला.

एजंटकाका दरवर्षी कॅलेंडर न चुकता आणून देतात, हे रूम रेंटचं तेवढं सांगायचं राहिलं. तुमच्या पॉलिसीत कुठल्या पानावर आहे ते, बघितलंय कधी?