खांद्यावरचं जेल

"तुमचा एक पेशंट टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतो का?" बालरोग विभागातून फोन आला तेव्हा ओपीडी भरलेली होती. नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला. जेल मीच लिहून दिलं होतं.

त्याची पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे हे पुरुषी हॉर्मोन बाहेरून देण्यावाचून इलाज नव्हता. 'जरा थकवा वाटतो, एक इंजेक्शन द्या' म्हणत जिममधून थेट येणाऱ्यांपैकी तो नव्हे. सुरुवात 250 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने केली, दर तीन आठवड्यांनी. स्वस्त आणि खात्रीचं, पण दोन-तीन दिवसांत पातळी शिगेला जाते आणि तिसऱ्या आठवड्यात तळ गाठते. बायको म्हणायची, "आधी घर डोक्यावर घेतात, नंतर कोपऱ्यात बसून राहतात." रक्त इंजेक्शननंतर कितव्या दिवशी काढलं, हे रिपोर्टवर कुणी लिहीत नाही. त्याशिवाय त्या आकड्याला काडीची किंमत नाही, हे सांगून मी थकलो.

पुढे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 55 टक्के आलं. 54च्या वर गेलं की हॉर्मोन थांबवायचं. ते उतरल्यावर जेल सुरू केलं: रोज सकाळी 50 मिलिग्रॅम, खांद्यावर आणि दंडावर. चढउतार संपले, घरात शांतता आली, मी खूश.

आणि आता त्याची तीन वर्षांची मुलगी. जांघेत केस, चेहऱ्यावर मुरुमं, उंची भराभर वाढलेली. ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असेल म्हणून 17-ओएचपी ही रक्ततपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन मात्र भरपूर. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. शेवटी एका ज्युनिअर रेसिडेंट मुलीने आईला विचारलं, "घरात कुणी अंगाला काही चोळतं का?" मोठमोठ्या तपासण्या लिहिणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

जेलचा जेमतेम दहावा हिस्सा कातडीतून आत जातो, बाकीचं वरच राहतं. अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्येच त्याच्या लेबलवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला होता, तो लहान मुलांसाठीच. हात धुवायला मी सांगितलं होतं, फाइलमध्ये तसं लिहिलेलंही आहे. पण तो उकाड्यामुळे घरी उघडाच बसायचा आणि मुलगी त्याच्या खांद्यावर गाल टेकून झोपायची. 'घरात लहान मूल आहे का?' हे मी विचारलं होतं का, ते आठवत नाही. फाइलमध्ये तरी नाही.

जेल बंद केलं. आता टेस्टोस्टेरॉनचंच लांब टिकणारं इंजेक्शन, अनडेकॅनोएट, 1000 मिलिग्रॅम. पहिले दोन डोस सहा आठवड्यांच्या अंतराने, मग साधारण दर बारा आठवड्यांनी. एरंडेलातलं ते दाट औषध नितंबात खोलवर, दोन मिनिटं घेऊन हळूहळू सोडावं लागतं. घाई झाली आणि तेल रक्तातून फुप्फुसात गेलं तर खोकल्याची उबळ येते. सिस्टरना घाई असतेच, म्हणून घड्याळ घेऊन मी शेजारी उभा राहतो. नंतर अर्धा तास बसवून ठेवतो.

मुलीचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, मुरुमं गेली. हाडांचं वय मात्र एक्स-रेत अजून वयाच्या पुढे आहे. परवा ती बाबांबरोबर आली होती. तिला उचलून घेण्याआधी त्याने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि वरचं बटणही लावलं. अंगावर जेल नसून आठ महिने झालेत, हे मी त्याला तीनदा सांगितलंय.