एनएचएलच्या एक पायरी खाली

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात रात्री पंखासुद्धा गरम हवा फेकतो, झोप तशीही नीट लागत नाही, मग मी पहाटे साडेचारला उठून मोबाईलवर आइस हॉकी लावतो, कारण तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि एएचएलच्या (अमेरिकन हॉकी लीग) प्लेऑफच्या मॅचेस सुरू होतात. मित्र विचारतो, "काय बे, बघायचंच तर मोठी लीग बघ की, ही खालची कशाला?" त्याच्यासाठीच हे लिहितोय.

सगळ्यात वर एनएचएल (नॅशनल हॉकी लीग), अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग, ३२ टीम. त्याखाली एएचएल, तिथंही ३२ टीम, प्रत्येक एनएचएल टीमची एक. त्याखाली ईसीएचएल. वर कुणी जखमी झालं की एएचएलमधल्या कुणाला तरी फोन येतो, तो बॅग आणि स्टिक घेऊन मिळेल त्या फ्लाइटनं निघतो, त्याची जागा भरायला ईसीएचएलमधून एकाला वर ओढतात, आणि जखमी माणूस बरा झाला की सगळे परत आपापल्या जागी. दोन आठवड्यांसाठी घर सोडून जायचं आणि परत यायचं. अनेकांच्या करारात पगारही दोन लिहिलेले असतात, वर खेळला तर एक, खाली खेळला तर दुसरा, आणि त्या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. ईसीएचएलमध्ये तर पगार आठवड्यावर, राहायची सोय टीम करते, शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन मॅच आणि मधे रात्रभर बसचा प्रवास. सीझन संपला की पगार बंद, मग उन्हाळ्यात दुसरं काम बघायचं.

आता विली मार्शल घ्या. १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं हा माणूस एएचएल खेळला. १,२०५ मॅच, ५२३ गोल, १,३७५ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). हे रेकॉर्ड आजपर्यंत कुणी मोडलेले नाहीत. आणि एनएचएलमध्ये? ३३ मॅच, फक्त. कारण १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये टीमच होत्या सहा. जागाच नव्हती हो! आज ३२ टीम आहेत, आजच्या काळात असता तर तो वरच खेळला असता असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गल्लीतला एक दादा पार्क मैदानावर वर्षानुवर्षं क्रिकेट खेळला, जिल्ह्याकडून खेळला, काय इनस्विंग होता त्याचा. पण लोक एकच विचारतात, रणजी खेळला का? नाही म्हटलं की विषय संपला. मार्शलचंही तेच, ३३ हा आकडा दिसतो आणि १,२०५ कुणी वाचतच नाही.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. एएचएल ही तरुण पोरं तयार करण्याची लीग, म्हणून तिथं नियमच आहे, गोलकीपर सोडून मॅचला उतरणाऱ्या १८ जणांपैकी किमान १३ जण कमी अनुभवाचे पाहिजेत, त्यातले १२ तर २६० किंवा त्याहून कमी प्रोफेशनल मॅच खेळलेले. म्हणजे तिशीतला, पाचशे-सहाशे मॅच खेळलेला माणूस कितीही भारी असला तरी अशांसाठी टीममध्ये जागा मोजक्याच. या वर्षी प्लेऑफमध्ये असाच एक जुना डिफेन्समन बघितला, शॉट अडवायला बर्फावर सरळ आडवा झाला, रबराचा तो गोठवलेला टणक पक (आइस हॉकीतली चकती) घोट्यावर बसला, लंगडत बेंचवर गेला, बुटाची लेस सोडून परत करकचून आवळली आणि पुढच्या शिफ्टला हजर. शिफ्ट म्हणजे जेमतेम पाऊण मिनिट, पण त्यात जीव काढतात. नियम पोरांसाठी चांगला आहे हे कळतं मला, तरी असल्या माणसाला आकडा भरला म्हणून बाहेर बसवतात तेव्हा लई वाईट वाटतं.

मग हे लोक जातात कुठं? बरेच जण युरोपात खेळायला जातात, काही जण कोचिंगला वळतात. जॅरेड बेडनार हा डिफेन्समन एनएचएलची एकही मॅच खेळला नाही. साऊथ कॅरोलिना स्टिंगरेजकडून खेळताना त्यानं ईसीएचएलचा केली कप जिंकला, १९९७ ला आणि परत २००१ ला. पुढं त्याच टीमचा कोच होऊन २००९ ला परत केली कप, २०१६ ला लेक एरी मॉन्स्टर्सबरोबर एएचएलचा कॅल्डर कप, आणि २०२२ ला कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचबरोबर थेट एनएचएलचा स्टॅनले कप! कोच म्हणून या तिन्ही लीग जिंकणारा तो पहिलाच. त्या रात्रभराच्या बसमध्ये कोणता खेळाडू काय विचार करत बसलेला असतो हे त्याला कुणी वेगळं सांगायची गरज पडली नसणार.