तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या आलेल्या संघाने पुन्हा का खेळायचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा विषय निघाला की पुण्यातली भावंडे आणि इथल्या मराठी मंडळातले स्नेही मला हमखास विचारतात, की हंगामभर खेळून जो संघ गुणतक्त्यात पहिला आला, त्याला मार्चमध्ये पुन्हा कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, बाद स्पर्धेत कशाला उतरवायचे? प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे पश्चिम विभागातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जावे लागते, तसा इथे कॉन्फरन्सची ही बाद स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला एनसीएएच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. 2024 साली महिलांच्या 68 जागांपैकी 32 जागा अशा विजेत्यांच्या होत्या आणि उरलेल्या 36 निवड समितीने भरल्या. म्हणजे ज्या संघाला समिती एरवी विचारणारही नाही, त्याच्यासाठी हे चार-पाच दिवस हाच एकमेव मार्ग असतो. त्या वर्षी बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्समध्ये 14 संघ होते. तळाच्या चार संघांना पाच दिवसांत पाच सामने जिंकावे लागणार होते, तर पहिल्या चार संघांना तीन पुरेसे होते. हंगामभराच्या कष्टांचे मोल ते एवढेच, आणि माझ्या मते ते योग्य आहे.

त्या मार्चमध्ये मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये मी हे सामने पाहिले. अव्वल मानांकित ओहायो स्टेटला आठव्या मानांकनाच्या मेरीलँडने उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवले. अंतिम सामन्यात आयोवाची केटलिन क्लार्क मध्यंतरापर्यंत अवघे चार गुण करू शकली होती. तिचे तीन गुणांचे फटके एकामागून एक रिंगला लागून बाहेर पडत होते आणि पाचव्या मानांकनाचा नेब्रास्का संघ पुढे होता. उरलेल्या वेळात तिने 30 गुण केले, सामना जादा वेळेत गेला आणि आयोवाने तो 94-89 असा जिंकला. लागोपाठच्या दिवसांत खेळून थकलेल्या मुली बदली होऊन बाहेर आल्या की टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसायच्या आणि प्रशिक्षकांनी हाक मारताच तशाच उठायच्या. हंगामातल्या एखाद्या निवांत गुरुवारच्या सामन्यात हे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षणात लिंगभेदाला मज्जाव करणारा टायटल नाइन कायदा 1972 चा, तर एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरवली ती 1982 मध्ये. बिग टेनची महिलांची स्पर्धा 1995 पासून नियमित होते आहे आणि पुरुषांची सुरू झाली 1998 मध्ये. इथे मुलींनी पुरुषांच्या मागून येऊन जागा मागितलेली नाही. त्या आधीपासून खेळत होत्या.

तरीही लहान कॉन्फरन्समध्ये अन्याय होतो, हे मी नाकारत नाही. तिथून बहुधा एकच संघ पुढे जातो. त्यामुळे वर्षभर अजिंक्य ठरलेल्या मुलींचा एका संध्याकाळी नेम चुकला, तर राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या हातून जाते. अशा नियमित हंगामातील विजेत्यांना 2024 पासून डब्ल्यूबीआयटी या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा मिळते, पण चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूचे त्याने समाधान होईल असे मला वाटत नाही. या कॉन्फरन्सनी विजेता ठरवताना अव्वल संघाला थेट उपांत्य फेरीत प्रवेश द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी तसे होतेही.

मात्र स्पर्धाच नको, हे मला मान्य नाही, विशेषतः आता. राष्ट्रीय स्पर्धेतील सामन्यांमागे पुरुष संघांच्या कॉन्फरन्सना कित्येक वर्षे पैसे मिळत आले. महिलांच्या सामन्यांसाठी ते 2025 च्या स्पर्धेपासून मिळू लागले. तेव्हा एखाद्या छोट्या कॉन्फरन्समधला सहाव्या क्रमांकाचा संघ मार्चमध्ये चार सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतो, तेव्हा तो स्वतःबरोबर आपल्या कॉन्फरन्सच्या तिजोरीतही भर घालतो, आणि तीही मुलींच्या खेळाच्या जोरावर.