दिवे घाटातला पाऊस

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या वर गेलं आणि सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीचा तळमजला बुडाला. आमचं घर तळमजल्यावरच. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की माझी झोप उडते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणांचे आकडे दिवसभर फोनवर बघत बसते.

यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालले. नवस नव्हता. घरात बसून आभाळाकडे बघवेना, एवढंच.

भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पालखी निघाली. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागते, माउलींची सासवडकडे वळते. वारीतला सगळ्यांत लांबचा टप्पा हाच, तीसेक किलोमीटरचा. मी परभणीकडच्या एका दिंडीत मिसळले. शेजारून एक मावशी चालत होत्या, डोक्यावर चुंबळ, त्यावर तुळशी वृंदावन. सोयाबीन पेरून आल्या होत्या, बी-खत उधारीचं. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, आणि तिला पैसा नाही.

वडकीच्या विसाव्याला त्यांनी गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला. "पडला का रं? बरं. ढोरांना पाणी दाव." फोन परत पिशवीत, पिशवीला गाठ. आणि लगेच दुसऱ्या बाईचे हात धरून फुगडी!

मला राहवलं नाही. "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटती की. रातच्याला लई वाटती. आता भजन चाललंय ना, बाई."

हडपसरला वेगळ्या झालेल्या पालखीत ज्यांच्या पादुका, त्या तुकोबांनी 1630 च्या दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला, धंदा बुडाला. वारकऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. विठ्ठल पाऊस पाडेल या हिशेबाने मावशी चालत नव्हत्या. पाऊस येवो न येवो, आषाढी चुकवायची नाही, हे त्यांचं कधीच ठरून गेलेलं. मला त्या माणसांचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या आणि वर चढता चढता सर आली. माझ्या पोटात गोळा आला. दिंडीतल्या सगळ्यांनी हात वर केले, टाळ वाढले. मावशींना हवा असलेला पाऊस आणि मला नको असलेला पाऊस एकच होता. "हितं पडून आमचं काय भिजतंय," त्या म्हणाल्या, "पण पडू दे." भिजत चाललो. घाटमाथा येईपर्यंत मी फोन बघितला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सासवडहून पीएमपीने परतले. कागदपत्रं आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर हलवले. समोरच्या आजींना रात्री-बेरात्री उचलून कोणाकडे न्यायचं, ते सोसायटीत बसून ठरवलं. धरणाचा आकडा आता सकाळी एकदा आणि निजताना एकदा बघते. भीती आहेच.

पालखी माळशिरसला पोचली तेव्हा मावशींना फोन लावला. गावाकडे पाऊस अजून नव्हता. बियाण्यासाठी भावाला शब्द टाकलाय म्हणाल्या, आणि पाय सुजलेत, गरम पाण्यात घालून बसलेय, उद्या बोलू.