असत्य आणि अनाकलनीय यांतला फरक

वेर्णे येथील औद्योगिक वसाहतीतल्या ज्या गोदामासाठी मी इंटिग्रेशनचे, म्हणजे वेगवेगळ्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडण्याचे, काम पाहतो, तिथे म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या दुकानांच्या ऑर्डरी एक्सएमएल संदेशांच्या (ज्यांत माहितीचा प्रत्येक तुकडा नाव दिलेल्या घटकात असतो अशा मजकुराच्या) रूपात येतात. ॲपाची कॅमल या संदेशांची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला एक रूट, म्हणजे संदेशाची वाट ठरवणारी नियमावली, प्रत्येक संदेशातील रक्कम एक्सपाथ या एक्सएमएलमधील माहिती शोधणाऱ्या भाषेने तपासतो आणि एक लाख रुपयांहून मोठी ऑर्डर मंजुरीच्या रांगेत, तर उरलेली थेट गोदामाच्या रांगेत पाठवतो.

चवथीपूर्वीच्या गर्दीत १,२५,००० रुपयांची एक ऑर्डर मंजुरीशिवाय गोदामात पोचली आणि लॉगमध्ये त्रुटीची एकही नोंद नव्हती. कारण होते रकमेतील स्वल्पविराम. एक्सपाथ १.० अशा तुलनेत मजकुराचे संख्येत रूपांतर करतो. ते जमले नाही तर थांबत नाही, 'संख्या नाही' असे एक विशेष मूल्य देतो, आणि त्या मूल्याची लाखाशी केलेली लहानमोठेपणाची प्रत्येक तुलना असत्य ठरते. १९९९ साली मानक झालेली ही भाषा मुख्यतः एक्सएसएलटी (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) आणि एक्सपॉइंटर (एक्सएमएलमधल्या भागाचा पत्ता देणारी पद्धत) यांच्यासाठी घडवली होती. दस्तऐवजाची मांडणी करताना ही सहनशीलता समजण्यासारखी आहे. जिथे पैशांचा निर्णय होतो, तिथे मला ती धोक्याची वाटते. एक्सपाथ २.० मध्ये हीच तुलना, मजकुराला प्रकार दिलेला नसल्यास, सरळ त्रुटी देते.

नेमस्पेसचा, म्हणजे घटकाचे नाव कोणत्या शब्दसंग्रहातले हे सांगणाऱ्या ओळखीचा, घोळ याहून फसवा आहे. पाठवणाऱ्याने मूळ घटकावर डिफॉल्ट (नावाला उपसर्ग न लावताही लागू होणारा) नेमस्पेस जोडला, तर घटकाचे नाव डोळ्यांना तेच दिसते, परंतु उपसर्गाविना लिहिलेले नाव एक्सपाथ १.० 'कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला घटक' असे वाचतो. मग काहीच सापडत नाही आणि रिकाम्या नोडसंचाशी, म्हणजे शोधाच्या रिकाम्या निकालाशी, केलेली तुलनाही मुकाट्याने असत्य ठरते. उपाय म्हणजे रूटमध्ये उपसर्ग घोषित करणे. काही जण 'लोकल-नेम' हे घटकाचे नुसते नाव देणारे फंक्शन वापरून नेमस्पेसच टाळतात. मला ते पटत नाही, कारण मग परक्या रचनेचा संदेशही त्या अटीत बसू शकतो.

दोन्ही ठिकाणी आमची खरी चूक 'अदरवाइज'मध्ये, म्हणजे कोणतीही अट न जुळल्यास लागू होणाऱ्या रूटच्या शाखेत, होती. अट असत्य म्हणजे ऑर्डर लहान, असे आम्ही धरून चाललो होतो, तर प्रत्यक्षात तिथे लहान ऑर्डरी आणि न वाचता आलेल्या ऑर्डरी एकत्र पडत होत्या. आता लहान ऑर्डरीसाठीही स्वतंत्र 'व्हेन', म्हणजे अटीची शाखा, आहे: रक्कम लाखाइतकी किंवा त्याहून कमी असल्याचे सिद्ध झाले तरच ती गोदामात जाते. या दोन्ही अटींत न बसणारा संदेश 'अदरवाइज'मधून राखीव रांगेत थांबतो आणि ती रांग रोज सकाळी माणूस उघडतो. तुलनेआधी एक्सपाथच्या 'ट्रान्सलेट' या फंक्शनने स्वल्पविराम काढले जातात, तरीही ही रांग मी बंद केलेली नाही.

काल तिथे फोंड्याच्या एका दुकानाची ऑर्डर होती. तिच्यातला रकमेचा घटक रिकामा होता.