तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी बेस खरोखरच गोड वाजते का?

दादरच्या शिवाजी मंदिरात ऑर्केस्ट्राचा प्रयोग संपून केबली गुंडाळत असताना एखादा नवशिका मुलगा हमखास जवळ येतो आणि विचारतो, ‘‘काका, पंधरा हजारांत नवी बेस गिटार मिळते, मग लोक जुन्या बेसच्या मागे का लागतात? आवाजात खरंच एवढा फरक असतो का?’’ घाईत मी आजवर ‘असतो थोडासा’ एवढेच म्हणत आलो, आणि ते उत्तर अर्धवट आहे.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एक ऐंशीच्या दशकात जपानमध्ये बनलेली, प्रिसिजन घाटाची. दुसरी भाच्यासाठी घेतलेली, त्याच घाटाची पण स्वस्तातली. (मूळ प्रिसिजन अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणली, दोन तुकड्यांचा तो ओळखीचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा चुंबकी भाग, तिच्यावर १९५७ मध्ये आला.) पहिल्या दिवशी दोन्ही एकाच अ‍ॅम्पवर वाजवल्या, तेव्हा जुनीचा आवाज गोल आणि ढोलकीच्या घुमाऱ्यासारखा भरीव वाटला, तर नवीचा खणखणीत पण पोकळ. भाचा हिरमुसला आणि मीही मनातल्या मनात ‘जुने ते सोने’ म्हणून मोकळा झालो.

नंतर लक्षात आले की जुनीवर पाच वर्षांपूर्वीच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा होत्या आणि नवीवर कारखान्यातून आलेल्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या. म्हणजे मी बेसची नव्हे, तारांची तुलना करत होतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या १९६२ सालच्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावत आणि तुटल्याखेरीज त्या बदलत नसत, हे ठाऊक असूनही माझ्याकडून ही चूक झाली. मग दोन्हींवर एकाच प्रकारच्या कोऱ्या राउंडवाउंड तारा चढवल्या, तारांची पडद्यांपासूनची उंची सारखी केली आणि नवीचा बराच खाली बसलेला पिकअप वर घेतला. आवाजाची पातळीही जुळवली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो आणि बहुतेक तुलना तिथेच फसतात. भाच्याला पाठ करून बसवले आणि एकच ओळ दहा वेळा, कधी या तर कधी त्या बेसवर वाजवली. त्याने पाच वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवून त्याला याहून वेगळे काही साधले नसते.

तरीही उरलेला फरक मला, वाजवणाऱ्याला, जाणवत होता. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा पोलादी खुंट्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, तर जुन्यांत खुंट्याच अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या असतात. नवीचा वरचा स्वर त्यामुळे जरा कडक येतो असे मला वाटते, पण टोनचे बटण थोडे मागे घेतले की तो कडकपणा जातो. शिवाय ज्या पोटावर, म्हणजे बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरवर, २५० किलोओहम लिहिलेले असते, तो प्रत्यक्षात २०० किंवा ३०० ही भरू शकतो आणि कमी भरला तर आवाज मंद होतो. एकाच वर्षाच्या दोन जुन्या बेस वेगळ्या वाजतात, त्याला लाकडाच्या वयापेक्षा अशा बारीकसारीक गोष्टी अधिक कारणीभूत असाव्यात, असे माझे मत आहे. पोट आणि कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर वडापावच्या दोन-चार प्लेटींच्या पैशांत मिळतात. लाकडाचे वय तिथे मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याच्याविषयी इतके बोलले जाते.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या वाईट बेस केव्हाच मोडीत गेल्या. ज्या टिकल्या त्या मुळातच बऱ्या होत्या. त्यांची तुलना आज दुकानात टांगलेल्या सरसकट मालाशी करणे न्याय्य नाही, विशेषतः संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी स्वस्त गिटारींची नेकही, म्हणजे पडदे बसवलेली लांब दांडीही, आता बिनचूक कापली जात असताना.

माझी जुनी बेसही निर्दोष नाही. तिच्या जी तारेवर, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर, पाचव्या पडद्याचा स्वर उमटतो आणि लगेच विझतो, त्याला आसच राहत नाही. नेकचे स्वतःचे कंपन त्या स्वराशी जुळते आणि तारेची शक्ती खाऊन टाकते, म्हणून असे होते. या घाटाच्या बेसमध्ये पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास हा दोष नेहमी आढळतो. भाच्याच्या बेसवर तो सहाव्या पडद्याशी आहे, पण पुष्कळ सौम्य. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने नेक हलते, तेव्हा तिचा ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, मला पाव फेरा फिरवावा लागतो. तरी मोठ्या प्रयोगाला मी तीच नेतो, कारण घासून गुळगुळीत झालेल्या तिच्या नेकवर माझा हात न बघता जागेवर पडतो. तो सोयीचा प्रश्न आहे, आवाजाचा नाही.

तेव्हा जुनी बेस पाहायला गेलात तर आधी अ‍ॅम्प बंद ठेवून जी तारेचा प्रत्येक स्वर बाराव्या पडद्यापर्यंत ऐका, तारा कोणत्या आणि किती जुन्या आहेत ते विचारा आणि मालकाकडून ट्रस रॉड थोडा फिरवून घ्या. तो जाम असेल, तर आवाज कितीही गोड लागला तरी पैसे काढू नका.