कुला म्हणजे वाघ

मेळघाटातल्या माझ्या पहिल्याच महिन्यात मी पहिलीतल्या एका पोरावर ओरडले होते. चित्रांच्या तक्त्यासमोर उभं राहून तो मोठ्यांदा एकच शब्द म्हणत होता, "कुला! कुला!" मी पंढरपूरकडची. आमच्याकडे हा शब्द चारचौघांत काढत नाहीत. मी त्याला दटावून खाली बसवलं. दिवसभर तो परत तोंड उघडेना. मधल्या सुट्टीत खिचडी वाढता वाढता मावशी म्हणाल्या, "मॅडम, तो वाघ म्हणत होता." तक्त्यावर वाघच होता. व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या गावात वाघाला वाघ म्हटलं म्हणून मी मुलाला गप्प केलं होतं.

त्यानंतर चार वर्षं मी माझ्या परीनं शिकवत राहिले. मुलांच्या कोरकू भाषेतले शब्द गोळा केले, डा म्हणजे पाणी, काकू म्हणजे मासा (हो, काकूच). मराठीत एक वाक्य बोलायचं, की लगेच मोडक्यातोडक्या कोरकूत तेच सांगायचं. मुलं माना डोलवायची. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

२०२२च्या पावसाळ्यात केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर यादी टाकली. द्विभाषिक वर्गाचं प्रशिक्षण, धारणीला, पाच दिवस. पहिला दिवस नेहमीसारखाच गेला. दीपप्रज्वलन, शिक्षणहक्क कायद्यातलं "शक्यतो मातृभाषेतून" हे कलम, पडद्यावर बारीक अक्षरं, हजेरीचा फोटो. माझ्या शेजारचे गुरुजी चक्क घोरत होते.

दुसऱ्या दिवशी शिकवायला आलेले साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षक, स्वतः कोरकू, आमच्यासारखेच जिल्हा परिषदेचे शिक्षक. नमस्कार झाला आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मराठीचा एक शब्द उच्चारला नाही. खडे मांडून गणित शिकवत होते. "मिया, बारी, आफई..." एवढं कळलं. पुढे खडे काढले, ठेवले, काहीतरी विचारलं. मी शेजारणीच्या वहीत डोकावून उत्तर लिहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, सूर "समजलं का?" असाच होता. मी मान डोलावली. मला काहीही समजलेलं नव्हतं. आणि ही मान कुठे पाहिलीय ते त्याच क्षणी आठवलं.

त्या पाच दिवसांत मला खरोखर कामाचं मिळालं ते व्याकरणाच्या तासाला. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे मी ऐकून होते; ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण. पण त्याचा माझ्या वर्गाशी काय संबंध, हे कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी फळ्यावर लिहिलं: कोरो म्हणजे माणूस, कोरोकिंग म्हणजे दोन माणसं, कोरकू म्हणजे पुष्कळ. दोघांसाठी वेगळं रूप! आणि मराठीसारखी तीन लिंगं तिथे नाहीत, तिथे फरक सजीव-निर्जीवाचा. म्हणजे "आई आला" म्हणणारी माझी पोरगी निष्काळजी नव्हती. टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का, याचं उत्तर मला तरी कुठे देता येतं? चार वर्षं मी त्यावर लाल शाई वापरत होते.

मी माझी वाक्यागणिक भाषांतराची पद्धत जरा अभिमानानंच सांगितली, तर सर हसले. "पोरं हुशार असतात मॅडम. मागून कोरकू वाक्य येणारच आहे म्हटल्यावर मराठीला कान कशाला देतील?" त्यांचं म्हणणं, दोन्ही भाषांना वेगळी वेळ द्या. गोष्ट आधी कोरकूत होऊ दे, गप्पा कोरकूत होऊ देत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट हावभाव करत मराठीत, मध्ये भाषांतर नाही. मुलांना गोष्ट ठाऊक असते, फक्त शब्द नवे असतात.

"घरी कोरकू, शाळेत कोरकू, मग मराठी कधी?" असं मागच्या बाकावरून एकानं विचारलंच. पुढे पालकसभेतही एका बापानं मला हेच विचारलं. त्याला मी कायदा सांगितला नाही, कुलाचा किस्सा सांगितला. तो हसला, पण पटलं असं काही म्हणाला नाही.

परत आल्यावर पहिलं काम, वर्गात कोण घरी काय बोलतं ते लिहून काढलं. चार वर्षांत हे केलंच नव्हतं. बहुतेक कोरकू, पण दोघी गवळ्यांच्या घरातल्या निघाल्या. कोरकू गोष्टीच्या तासाला आता या दोघी गप्प! प्रशिक्षणात याचं उत्तर नव्हतं. शेवटी त्यांना कोरकू मुलींच्या मधोमध बसवलं. दोन महिन्यांत त्या माझ्यापेक्षा बरं कोरकू बोलायला लागल्या.

गोष्ट सांगायला मावशी. खिचडी शिजत ठेवून त्या दारात बसायच्या. मुलं जे बोलतील ते मी देवनागरीत फळ्यावर उतरवायचे. 'डा'च्या शेवटी आवाज घशात अडकतो तो कसा लिहायचा, यावर माझा आणि चौथीच्या पोरांचा वाद अजून मिटलेला नाही. भिंतीवर चित्रांखाली शब्द लागले. पहिलं चित्र माशाचं, खाली 'काकू'. 'कुला'ची चिठ्ठी लावताना माझा हात जरा अडखळला, खोटं का बोला.

वरून मात्र दर आठवड्याला फोटो आणि लिंक भरायची मागणी यायची. आमच्या गावात रेंज टेकडीवरच. शनिवारी टेकडी चढायची, हा त्या प्रशिक्षणाचा सहावा दिवस समजावा.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी अशीच टेकडीवर गेले, मागोमाग चार पोरं. त्यात अक्षर ओळखत नाही म्हणून माझ्या वहीत नोंद असलेला एक. फोन वाजला. त्यानं वाकून पडद्यावरचं नाव बघितलं, ओठ हलवले, "का... कू", आणि पोट धरून हसत सुटला. पंढरपूरहून माझ्या काकूंचा फोन होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मासा बोलावतोय."